पेला अर्धाच भरा

मामा,

तुमच्याशी खोटं बोलायचं नाही असं आपलं ठरलं होतं. म्हणून जे बाकी कुणापुढे बोलता येत नाही, ते आधी सांगून टाकते. मला बरं वाटतंय.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी खूप रडले. कार्य होईपर्यंत रडतच होते, भांडी घासताना, दारात आलेल्यांना पाणी देताना. मग एका सकाळी जाग आली आणि लक्षात आलं, आपण सरळ झोपलो होतो. तुमच्या खोलीकडे कान लावून नव्हे, नुसते झोपलो होतो. उठून चहा ठेवला आणि वाटलं, बरं झालं. लगेच स्वतःची लाज वाटली. आणि त्या लाजेच्या मागोमाग तुमचा तो घोगरा, बसलेला आवाज आला, "बरा वाटतं तर बरा वाटतं म्हण गो. त्यात काय?"

लोक अजून येतात. ओटीवर बसतात, "सुटले हो तांडेल" म्हणतात आणि हळूच माझ्याकडे बघतात. सूनही सुटली असं त्यांना म्हणायचं असतं, पण ते तोंडावर आणत नाहीत. मी मान हलवते. त्यांना कसं सांगू की तुम्ही सुटायला लागलात ते फार आधी, रमाकांत नाखव्यांच्या मुलीच्या हळदीत, भर मांडवात.

पण त्याच्याही आधीपासून सांगते.

मी लग्न होऊन नवापूरला आले तेव्हा तुम्ही घरी बसून होतात. बोटीचा तांडेल, सगळ्या खलाशांना हाकणारा माणूस, आणि भर हंगामात दारातल्या खुर्चीत. "खांदा धरलाय," एवढंच तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. मी उमरोळीची, शेतावर वाढलेली. मला समुद्रातलं काही कळत नव्हतं. तुम्ही उजवा हात मांडीखाली दाबून बसायचात, तेव्हा मला वाटायचं तांडेल लोक असेच बसत असतील.

मी कामाला जात होते तारापूरच्या एमआयडीसीत, गोळ्यांच्या पट्ट्या पॅक करणाऱ्या कंपनीत. लग्नाला वर्षही झालं नसेल. एका संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून आले आणि तुम्ही मला दारातच थांबवलंत. आई, म्हणजे सासूबाई, बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन गेल्या होत्या आणि अजून यायच्या होत्या. तुमचा दिनेश कारखान्यात बॉयलरवर, दुसऱ्या पाळीला. घरात आपण दोघंच. तुम्ही खिशातून गोळ्यांची एक अर्धी पट्टी काढलीत.

"ही कशाची गोळी हाय गो? तू गोळ्यांच्या कंपनीत हायस ना."

"कुणाची आहे मामा?"

"एक मित्र हाय माझा. त्याची."

आमच्या कंपनीत ती गोळी होत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधल्या मिश्राजींना नाव विचारलं. ते म्हणाले, "ये तो पार्किन्सन की दवा है. घर में किसी को है क्या?" मी नाही म्हटलं. तुम्ही मित्राची म्हणाला होतात, आणि सासऱ्याच्या शब्दावर शंका घ्यायची मला सवय नव्हती. पण बसमध्ये खिडकीशी बसले आणि मांडीखाली दाबलेला तो हात डोळ्यांसमोर आला.

घरी येऊन मी म्हटलं, "मामा, तुमच्या मित्राला कंपवात आहे. हळूहळू वाढणारा आजार आहे. मरत नाही माणूस त्याने लगेच, पण गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात. त्याच्या घरच्यांना ठाऊक आहे का?"

तुम्ही समुद्राकडे तोंड फिरवलंत.

"नाय," म्हणालात. "त्याला वाटतं, सांगितला का संपला."

मग पुढे कितीतरी दिवस आपण त्या मित्राबद्दलच बोललो. मी चहाचा कप तुमच्या डाव्या हाताशी ठेवायची आणि विचारायची, मित्र कसा आहे आज? तुम्ही सांगायचात, आज त्याला सदऱ्याची बटनं लागली नाहीत. आज सकाळी त्याचा पाय उंबऱ्याशी अडकला, जमिनीला चिकटल्यासारखा, आणि बायको बघत होती म्हणून त्याने चप्पल शोधायचं नाटक केलं. आज त्याने जाळ्याची सुई हातात घेतली आणि परत ठेवली. हे शेवटचं सांगताना तुमचा आवाज फुटला होता. मी तांदूळ निवडत बसले. मला तेव्हा वाटायचं, मी फार शहाणपणाने वागतेय, माणसाला त्याच्या कलाने घेतेय. आता वाटतं, मला भीती वाटत होती. मित्र आहे तोवर आजार घराबाहेर आहे, असं मलाही हवंच होतं.

रमाकांत नाखव्यांच्या घरी साखरपुडा झाला तेव्हा हे सगळं मोडलं. त्यांच्याच बोटीवर तुम्ही अर्धं आयुष्य तांडेल होतात, त्यामुळे तुम्हाला पुढची खुर्ची. कुणीतरी तुमच्या हातात काठोकाठ भरलेला सरबताचा पेला दिला. तुम्ही डाव्या हाताने घेतलात, उजवा मदतीला आणलात, आणि सगळं सरबत नवऱ्या मुलाच्या मामाच्या धोतरावर. रमाकांतकाका मोठ्याने म्हणाले, "काय तांडेल, आज सकाळपासूनच सुरू काय?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात. "थोडी जास्ती झाली," म्हणालात.

मी ताट घेऊन मागेच उभी होते. ज्या माणसाने लेकाच्या लग्नातसुद्धा थेंब घेतला नव्हता, तो चारचौघांत सांगत होता की मी प्यालोय. तेव्हा मला कळलं की हे आजचं नाही. गावात ही कुजबुज आधीपासून होती, आणि तुम्ही ती तशीच राहू दिली होती.

परत येताना आई बायकांबरोबर पुढे गेल्या. आपण मागून वाळूच्या कडेने. बोंबील वाळत घातले होते, त्यांच्या ओळींमधून जाताना तुमचा पाय अडला. तुम्ही थांबलात. मी पण थांबले. मला राग आला होता.

"मामा, तुम्ही प्यायला नव्हता."

"नाय."

"मग का म्हणालात?"

"पिणारा माणूस उद्या सुधारेल असा लोकांना वाटतं," तुम्ही म्हणालात. "त्याला बोटीवर परत बोलावतात. आजारी माणसाला कोण बोलवील?"

"म्हणजे तुम्हाला अजून वाटतं, परत जाल?"

वारा होता, बोंबील हलत होते. मग तुम्ही उजवा हात खिशातून काढलात आणि माझ्यासमोर धरलात. पहिल्यांदा. अंगठा बोटांवर घासत होता, मीठ चोळावं तसा, आपला आपण.

"मित्र नाय कोण," तुम्ही म्हणालात. "मीच हाय."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक होता तर बोलली का नाय?"

"तुम्ही का नाही बोललात?"

आणि मग आपण दोघं त्या ओळींमध्ये उभं राहून भांडलो, मामा. सून सासऱ्याशी भांडतेय असं कुणी पाहिलं असतं तर मला माहेरी पाठवलं असतं. त्या भांडणाच्या शेवटी ठरलं की यापुढे जे आहे ते आहे तसं सांगायचं. तुम्हीही आणि मीही. तुम्ही अट घातलीत: "मी बरा नाय म्हटला तर लगेच धावू नको. आधी नुसता ऐक."

त्याच संध्याकाळी तुम्ही आईला आणि दिनेशला सांगितलंत. दिनेश तुमच्या हाताकडे बघत राहिला. आईंनी मात्र कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "मना वाटला, दुसरी बाय ठेवलीय. म्हणून पालघरला फेऱ्या चालल्यात." इतके दिवस त्या हा संशय मनात घेऊन मासळी विकत होत्या. तुम्ही गुपचूप डॉक्टरकडे जात होतात आणि आई त्या फेऱ्यांवर झुरत होत्या. तुमच्या आजाराची बातमी ऐकून त्या घरात एका माणसाला हायसं वाटलं, ते आईला. मग त्या रडल्या.

आणि मग ती हळद. मांडवात तीच माणसं, तेच रमाकांतकाका, कुणीतरी तसाच भरलेला पेला पुढे केला. तुम्ही घेतला नाहीत. उभे राहिलात. उभं राहायलाही तुम्हाला वेळ लागला, त्यामुळे सगळे बघायला लागले.

"मी पीत नाय," तुम्ही म्हणालात. "मना कंपवात हाय. हात हलतो. पेला अर्धाच भरा, म्हणजे सांडणार नाय."

एवढंच. बँडवालेसुद्धा थांबले होते. मग कोपऱ्यातून यशोदाआजी ओरडली, "मग बस ना रे खाली, उभा कशाला ऱ्हायलास?" आणि मांडवात हशा पिकला. त्या हशात तुम्ही पण होतात. रमाकांतकाका आले, त्यांनी स्वतः पेल्यातलं अर्धं सरबत आपल्या तोंडात ओतलं आणि उरलेलं तुमच्या हाती दिलं. माफी वगैरे मागितली नाही. शेजारी बसून राहिले, जेवणं होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तुमचे जुने खलाशी ओटीवर आले. इकडचं तिकडचं बोलत राहिले, डिझेल, वादळ, कुणाची बोट कुठे अडकली. शेवटी तुम्हीच वैतागलात. "इचारा काय इचारायचं ते. हातालाच बघत बसलाय सगळे."

बाळूदादाने विचारलं, "झोपेत पण हलतो काय?"

"नाय. मी झोपलो का हात पण झोपतो."

सगळ्यांना याचं फार नवल वाटलं. मलाही. मी त्या दिवशी तुम्हाला दुपारी झोपलेलं बघायला आत आले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. हात छातीवर होता, अगदी शांत.

आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात की मांडवात बोललो नसतो तर अजून दोनेक हंगाम समुद्रावर जायला मिळाले असते. मी म्हणायची, दोनेक हंगामांत तुम्ही कधीतरी बोटीवरून पडला असता आणि आम्हाला प्रेतही मिळालं नसतं. तुम्ही म्हणायचात, "मिळाला नसता तर नसता." मी चिडून आत जायची. याचा निकाल लागलाच नाही. तुम्ही म्हणत होतात त्यातही काही खरं असेल. समुद्र काय असतो, ते मला फक्त किनाऱ्यावरून ठाऊक आहे.

त्यानंतरची वर्षं सोपी नव्हती, पण लपवालपवी संपल्यामुळे दिवसाला एक आकार आला. गोळी घेतल्यावर तुमचे चांगले तास यायचे, त्यात अंघोळ, जेवण, फेरफटका. गोळीचा जोर उतरला की सरळ सांगायचात, "आता बंद," आणि मग कुणी तुम्हाला घाई करायचं नाही. उंबऱ्याशी पाय चिकटायचा. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आकडे मोजा, तालावर पाऊल उचला. तुम्ही म्हणालात, मी काय बालवाडीत हाय? मग एकदा तुम्ही असेच अडकलेले असताना आईने स्वयंपाकघरातून जाळं ओढतानाची आरोळी दिली, "होऽऽ हैसा!" आणि तुमचा पाय उचलला गेला. आईंचा आवाज बाजारात कमावलेला. पुढे शेजाऱ्यांनाही सवय झाली. आमच्याकडून आरोळी ऐकू आली की ते म्हणायचे, तांडेल बाथरूमला निघाले.

पण त्याच सुमाराला आई तुमच्यावर रुसल्या होत्या. मला म्हणाल्या, "हा माणूस माझ्याकडं दगडासारखा बघतो. एवढी करते मी, तर तोंडावर एक रेघ हलत नाय." खरंच होतं ते. तुमचा चेहरा हळूहळू थिजत गेला होता. मलाही वाटायचं, मामा सतत रागात असतात. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आत सगळं तसंच असतं, फक्त बाहेर दिसत नाही.

परतीच्या रिक्षात बोईसरचा पूल ओलांडल्यावर तुम्ही म्हणालात, "मी रागवलेला नाय तुझ्यावर. कधीच नव्हतो." आई बाहेर बघत राहिल्या. "तोंड हलत नाय तर आता बोलूनच सांगावा लागंल," तुम्ही म्हणालात. "तुला तरी कुठं बोललो होतो कधी."

आणि तुम्ही सांगायला लागलात. जो माणूस आयुष्यभर 'हूं' आणि 'बघू' यांच्यापलीकडे घरात काही बोलला नव्हता, तो माणूस बोलून दाखवायला लागला. दिनेशने काही गंमत सांगितली की तुमचा चेहरा तसाच, आणि मग हळू आवाजात, "हसलो." आमटी चांगली झाली की, "आवडली." टीव्हीवर कुणाचं काही वाईट झालं की, "वाईट वाटला." पहिल्यांदा आम्हाला हसू यायचं. मग सवय झाली. मग मला वाटायला लागलं की बाकीच्या घरांत लोकांना हे कळतच नसेल, कुणाला काय वाटतं ते.

आईंचं मात्र कुणी विचारत नव्हतं. त्यांनी बाजार सोडला होता. तुम्हाला उठवणं, न्हाऊ घालणं, काटे काढून मासा कुस्करून भरवणं. विचारलं की म्हणायच्या, "मना काय धाड भरलीय?" एका रविवारी दुपारी तुम्ही मला खुणेने बोलावलंत. "तिला इचार दमली काय. मना सांगणार नाय ती."

"तुम्ही विचारा," मी म्हटलं. "ठरलंय आपलं."

आई ताट उचलायला आल्या तेव्हा तुम्ही त्यांचा पदर धरलात.

"दमलीस?"

"नाय."

"मी दमलो का तुला सांगतो. तू दमलीस तर कोणाला सांगतेस?"

आई ताट घेऊनच खाली बसल्या. "दमले," म्हणाल्या. "कंबर मोडलीय. आणि राग पण येतो तुमचा. मनातल्या मनात शिव्या घालते."

"मोठ्यानं घाल," तुम्ही म्हणालात. "आवाज माझा बसलाय. तुझा कुठं बसलाय?"

त्या हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदमच. तुम्ही पदर सोडला नाहीत. "बाजारात जा परत," म्हणालात. "तिकडं तू माणसासारखी दिसतेस." दुसऱ्या आठवड्यापासून बाळूदादा सकाळी तुम्हाला अंघोळ घालायला यायला लागला, आणि आई पाटी घेऊन बोईसरला. येताना बाजारातल्या बातम्या आणायच्या. तुमच्या ताटातल्या जेवणापेक्षा तुम्ही त्या बातम्यांची वाट जास्त बघायचात.

नंतर नंतर तुम्हाला खोलीत पाणी दिसायला लागलं. गोळ्यांमुळे होतं असं, डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मात्रा बदलली. तरी अधूनमधून दिसायचंच. तुम्ही पलंगावर बसलेले, पाय वर घेतलेले. "भरती आली काय गो? त्या कोपऱ्यात बघ."

मी बघायची. नीट बघायची, उगाच नाही. "नाही मामा. कोरडं आहे."

"मना दिसतं."

"तुम्हाला दिसतं. पण नाहीये."

"बरा," म्हणून तुम्ही पाय खाली सोडायचात. एवढा विश्वास मला कुणीच दाखवला नाही कधी. डोळ्यांना दिसतंय ते खोटं आणि सून म्हणते ते खरं. एकदा दिनेशने तुमचं मन राखायला म्हटलं, "हो बाबा, आलंय थोडं पाणी, जाईल." तुम्ही इतके घाबरलात की अंग ताठ झालं. मी त्याला बाहेर नेऊन सांगितलं, त्यांना गोड बोलून चालत नाही, त्यांना जमीन लागते पायाखाली. तो ओटीवर डोकं धरून बसला. त्याला हे सगळं जड जात होतं, मामा. तुमचा मुलगा मनाने हळवा आहे, म्हणूनच तो खोटं बोलायचा.

मग छातीत कफ भरून तुम्हाला पालघरला दवाखान्यात ठेवावं लागलं. घास चुकीच्या नळीत जातोय, असं डॉक्टर म्हणाले. हे पुन्हा होईल, हेही म्हणाले. घरी आल्यावर तुम्ही आम्हा तिघांना बसवलंत. आवाज इतका खाली गेला होता की आम्ही तुमच्या जवळ सरकलो.

"पुढच्या टायमाला नळ्या नको. मशीन नको. घरीच."

दिनेश उठला आणि निघून गेला. किनाऱ्यावर गेला असणार, परत आला तेव्हा पायांना ओली वाळू होती. म्हणाला, "मी हो म्हणणार नाही."

"हो म्हणू नको. ऐकून ठेव."

बरेच दिवस तो ते ऐकलेलं घेऊन फिरला. मग एका संध्याकाळी तुमच्या पायांना तेल लावताना त्याने विचारलं, "बाबा, भीती वाटते काय?"

मी दारात थबकले.

"वाटते," तुम्ही म्हणालात. "घुसमटायची. मरायची नाय."

दिनेश दुसऱ्याच दिवशी एकटा डॉक्टरांकडे गेला आणि त्यांना हेच वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. ते म्हणाले, घुसमट होऊ न देणं आमच्या हातात आहे, त्याला औषध आहे. वेळ आली की मला कळवा. तो परत आला आणि तुमच्याजवळ बसून म्हणाला, "बाबा, घुसमट होणार नाही. मी विचारून आलोय." तुम्ही डोळे मिटलेत. "बरा वाटला," म्हणालात. त्या दिवसापासून तो पण हलका झाला, मामा. मला दिसत होतं. बाथरूममध्ये गाणी म्हणायला लागला.

वेळ आली तेव्हा म्हणूनच कुणी धावाधाव केली नाही. डॉक्टर आले, औषध दिलं, तुमचा श्वास निवला. आई बाजारात होत्या, त्यांना फोन गेला. त्या रिक्षाने आल्या, पाटीसकट, हात न धुता तुमच्याजवळ बसल्या. तुम्ही डोळे उघडले नाहीत, पण त्या रोजच्यासारख्या सांगत राहिल्या. आज पापलेट आलंच नाही. सगळा बाजार बोंबलाचा. ती केळव्याची बाई परत भांडली. ऊन ओटीवर आलं होतं. दिनेशने तुमचा उजवा हात धरला होता. थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं. हात थांबला होता, श्वासही.

आई बोलायच्या थांबल्या. त्यांनी तुमच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जा तुमी. मी बघते माझं."

तुम्हाला सांगायची राहिलेली एक गोष्ट आहे. तुमचं कार्य झाल्यावर मी कामावर रुजू झाले आणि कंपनीच्या तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, आता हे कायमचं, सांभाळत राहायचं. बसमध्ये बसले आणि पहिला विचार मनात आला तो हा की आता घरात नको सांगायला, आत्ताच तर एवढं होऊन गेलंय. आई दमल्यात, दिनेश दमलाय. चहात साखर कमी केली तर म्हणता येईल, वजन उतरवतेय. सगळं नाटक नवापूर नाक्यापर्यंत मनात तयार झालं होतं, मामा. उतरले, घरी आले, चप्पल काढली आणि उंबऱ्यातच म्हटलं, "मला डायबेटीस निघालाय. मला भीती वाटतेय."

दिनेशने हातातला मोबाईल खाली ठेवला. धावला नाही. "सांग," एवढंच म्हणाला, आणि मी सांगेपर्यंत ऐकत राहिला. आई आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर चालायला सांगतात ना त्याला? उद्यापासून माझ्याबरोबर चल. बंदरावर."

आता आम्ही रोज सकाळी जातो, उजाडलं की. ओहोटी असते तेव्हा खूप लांबपर्यंत. आज आई मध्येच थांबल्या आणि एका उलट्या घातलेल्या होडीवर बसल्या. मला वाटलं कंबर दुखली. "काय झालं आई?" त्या म्हणाल्या, "काय नाय झाला. मना त्यांची आठवण येते. रडायचा हाय थोडा." आणि रडल्या. लपून नाही, पदर तोंडावर न घेता, समोर जाळी सारखी करणारे लोक होते तरी. मी त्यांच्या शेजारी बसले. जाळीवाल्यांनी एकदा पाहिलं आणि परत आपल्या कामाला लागले.

मग त्यांनी डोळे पुसले, होडीला हात टेकून उठल्या, आणि म्हणाल्या, "चल, अजून तुझा चालून झाला नाय."